कोणता ट्रॅक्टर जपायचा?

पुणे–सातारा रस्त्यावर कात्रजला एके काळी शहर संपत असे आणि घाटापलीकडे शेतीचा मुलूख लागत असे. आज कात्रजच्या शिवारात इमारती उभ्या आहेत. तरी दख्खनच्या शेतीत यंत्र कसे आले हे समजून घ्यायचे असेल, तर उभे राहायला याहून चांगली जागा नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, खडकीत, १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्सची सुरुवात झाली. घाट उतरून साताऱ्याकडे गेले आणि थोडे आत वळले की सातारा रोड या ठिकाणी धनजीशा कूपर यांचा कारखाना लागतो. १९२२ साली नांगर आणि शेतीच्या अवजारांपासून सुरुवात केलेल्या या कारखान्याने १९३०च्या दशकात डिझेल इंजिन तयार केले आणि ते देशातले पहिले मानले जाते. आणखी खाली किर्लोस्करवाडी आहे. तिथल्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली कारखाना वसवला. लोखंडी नांगराने जमीन नासेल असे मानणाऱ्या शेतकऱ्यांच्या गळी तो नांगर उतरवायला त्यांना मोठी चिकाटी धरावी लागली होती. सगळ्यात शेवटी कोल्हापूरचे उद्यमनगर, ओतशाळा आणि लेथ यांवर उभे राहिलेले. जुन्या, दुर्मिळ ट्रॅक्टरांची दुरुस्ती आणि प्रदर्शन हा विषय मराठीत मांडायचा तर तो या पट्ट्याच्या अनुभवातून मांडावा. परदेशी छांदिष्टांचे नियम जसेच्या तसे उचलून आणू नयेत. माझे म्हणणे थोडक्यात असे आहे: महाराष्ट्रात कोणता ट्रॅक्टर दुर्मिळ आणि जपण्याजोगा हे त्याने इथल्या मातीत केलेल्या कामावरून, त्याच्या अंगावर राहिलेल्या दुरुस्त्यांवरून आणि त्याच्या नोंदींवरून ठरावे. हे एकदा मान्य केले की यंत्र कसे दुरुस्त करायचे आणि लोकांपुढे कसे ठेवायचे, याचीही उत्तरे बदलतात.

ज्या देशांत हा छंद वाढला तिथे दुर्मिळतेची मोजपट्टी वेगळी आहे, आणि तिथल्यापुरती ती योग्यही आहे. इंग्लंडमध्ये १९५० साली ॲपलफर्ड या गावी दोन शेतकऱ्यांनी बिअरच्या पैजेवर जुनी वाफेची इंजिने पळवली. त्यातून अशा इंजिनांचे मेळे सुरू झाले आणि १९५४ साली त्यांच्या मालकांचा राष्ट्रीय क्लब निघाला. त्याच १९५० साली अमेरिकेत आयोवा राज्यातल्या माउंट प्लेझंट गावात जुन्या मळणीयंत्रांचा पहिला मेळा भरला. या मंडळींच्या हाताशी कारखान्यांची दप्तरे होती. कोणत्या क्रमांकाचे यंत्र कोणत्या साली बाहेर पडले, कोणत्या विक्रेत्याकडे गेले, हे ताडून पाहता येत होते. त्यामुळे १९०२ साली डॅन अल्बोनने बनवलेला तीन चाकांचा आयव्हेल किंवा स्मिथसोनियन संग्रहालयात ठेवलेला १९०३ सालचा हार्ट-पार यांचे मोल किती बनले आणि किती उरले यावरून ठरू शकते. हीच पट्टी आपल्याकडे लावली तर काय होते? १९४६ ते १९५६ या काळात कॉव्हेंट्रीत राखाडी रंगाचे ‘टीई-२०’ फर्ग्युसन पाच लाखांहून अधिक तयार झाले. त्या हिशेबाने तो अगदी सामान्य ट्रॅक्टर ठरतो. पण १९५१ साली सबंध भारतात मिळून साडेआठ हजारांच्या आसपास ट्रॅक्टर होते. त्या काळात अहमदनगर किंवा सोलापूर जिल्ह्यातल्या एखाद्या मळ्यावर आलेला, ज्याची पावती, ज्याचे मालक आणि ज्याने नांगरलेले गट आजही सांगता येतात, असा फर्ग्युसन आपल्यासाठी अत्यंत दुर्मिळ आहे. उलट परदेशात लिलावात घेतलेला, चकचकीत रंगवून इथे आणलेला एखादा जर्मन लान्झ बुलडॉग कितीही देखणा असला, तरी इथल्या शेतीविषयी तो काहीच सांगत नाही.

आपल्याकडे सुरुवातीची यंत्रे कुठे आली आणि कुठे आली नाहीत, हे पाहिले की ही गोष्ट आणखी स्पष्ट होते. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य हॅरल्ड मान यांनी पिंपळे सौदागर या गावाची पाहणी १९१७ साली प्रसिद्ध केली. दीडशेच्या आसपास खातेदारांकडे जमिनीचे सातशेहून अधिक तुकडे, आणि त्यांतले बरेचसे एकराहून लहान, असे चित्र त्यांना दिसले. अशा गावात ट्रॅक्टर येणार कसा? वळायलाच जागा नाही. म्हणून पहिली मोठी यंत्रे जिथे सलग क्षेत्र होते तिथे, म्हणजे साखर कंपन्यांच्या मळ्यांवर गेली: बेलापूर कंपनीचे हरिगाव, वालचंद हिराचंद यांचे रावळगाव आणि वालचंदनगर. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा यांच्या मुळ्या इतक्या खोल जातात की लोखंडी नांगराला चार-चार बैलजोड्या जुंपल्या तरी काम महिनोन्‌महिने चाले. ही खरी गरज होती. स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारच्या ट्रॅक्टर संघटनेने युद्धातून उरलेले लष्करी ट्रॅक्टर कास गवताने व्यापलेल्या जमिनी मोडायला लावले. त्या कामासाठी जागतिक बँकेने १९४९ साली एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. मग १९६१चा कमाल जमीनधारणा कायदा आला, साखर कंपन्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेल्या. मोठ्या मळ्यांची मालकीच अशी बदलली की तिथल्या यंत्रांची कागदपत्रे सांभाळणारा वारस राहत नाही. आपल्याकडे जुने ट्रॅक्टर थोडे उरले, आणि उरले त्यांचीही माहिती मिळत नाही. त्यामागे ऐपत आणि आवड यांच्या जोडीने हा मालकीबदलही आहे.

दुसरा टप्पा देशी कारखान्यांचा. आयशरचा पहिला ट्रॅक्टर २४ एप्रिल १९५९ रोजी फरिदाबादच्या कारखान्यातून बाहेर पडला. मुंबईत महिंद्र, इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास यांनी १९६३ साली मिळून कंपनी काढली आणि कांदिवलीत ‘बी-२७५’ तयार होऊ लागला. १९७०च्या दशकात किर्लोस्करांनीही जर्मनीच्या डॉइट्झ कंपनीच्या सहकार्याने ट्रॅक्टर काढला. हवेने थंड होणाऱ्या इंजिनाचा, पाण्याचा रेडिएटर नसलेला हा ट्रॅक्टर बाजारात फार टिकला नाही. माझ्या मते महाराष्ट्रातल्या संग्राहकाने पहिला शोध घ्यायचा तो याचा, कारण नांगरापासून सुरू झालेल्या एका मराठी उद्योगाची ट्रॅक्टरपर्यंतची धाव त्यात आहे. याच काळात लोणीच्या प्रवरा कारखान्यापासून सुरू झालेली सहकारी साखर कारखानदारी पसरली आणि ट्रॅक्टरचे कामच पालटले. नांगरटीइतकाच, किंबहुना त्याहून अधिक, तो ऊस ओढू लागला. मागे दोन ट्रॉल्या, खाली खड्ड्यांचा रस्ता, रात्रभर कारखान्याच्या आवारात रांग. अशा ट्रॅक्टरचा हूक, क्लच आणि ब्रेक नांगराच्या ट्रॅक्टरहून वेगळे झिजतात. मागच्या सांध्याला मारलेली जाड पट्टी किंवा वाढवलेला हूक हा इथल्या शेतीचा पुरावा आहे.

त्यामुळे दुरुस्तीचा प्रश्न नाजूक होतो. प्रचलित रीत अशी: यंत्र पूर्ण खोलायचे, वाळूच्या माऱ्याने सगळा रंग आणि गंज उडवायचा, बाहेरून मूळ भाग मागवायचे, कारखान्याच्या रंगतक्त्याबरहुकूम रंगवायचे. यंत्र नवेकोरे दिसते. पण त्या माऱ्यात ओतकामावरची चिन्हे बोथट होतात, आधीच्या मालकाने रंगवलेले नाव जाते, आणि पंधरा-वीस वर्षांनी एकदा झालेल्या प्रत्येक मोठ्या कामाची खूण पुसली जाते. १९५७च्या सुमारास परकीय चलनाची टंचाई आली आणि आयात आवळली गेली. सुटे भाग मिळेनात तेव्हा आपल्या मिस्त्रींनी बुश लेथवर घडवले, फुटलेल्या आवरणांना ब्रेझिंग केले, मॅग्नेटो काढून बॅटरी-कॉइल बसवली, पेट्रोल-रॉकेलच्या इंजिनाच्या जागी डिझेल इंजिन उभे केले, पत्र्याच्या पिंपातून बॉनेट कापून काढले. हे सारे काढून टाकून ‘मूळ रूप’ आणायचे म्हणजे यंत्र भारतात आले त्या दिवसानंतरचा त्याचा सगळा इतिहास फेकून द्यायचा. मी सुचवतो तो मार्ग अवघड आहे, पण तो प्रामाणिक आहे. जे सुरक्षिततेला बाधक आहे ते बदलावे, जे चालण्यासाठी अटळ आहे ते बदलावे, बाकी ठेवावे. काढलेला प्रत्येक भाग चिठ्ठी लावून जपावा आणि नव्याने घडवलेल्या भागावर साल ठोकावे, म्हणजे पुढच्या अभ्यासकाची फसगत होणार नाही. जाम झालेला पिस्टन हे याचे चांगले उदाहरण आहे. घाईत घण मारला तर पिस्टन आणि लायनर दोन्ही जातात. हेड उतरवून, सिलिंडरमध्ये डिझेल आणि पातळ तेल भरून दिवसचे दिवस मुरवत ठेवले, मग पिस्टनवर लाकडी ठोकळा ठेवून हलक्या हाताने ठोकत, फ्लायव्हील किंचित मागेपुढे करत राहिले, तर बहुधा तो सुटतो आणि त्या काळची रिंगसुद्धा हाती लागते. त्या रिंगवर स्थानिक कारखान्याची खूण असेल तर ती आयात केलेल्या नव्या रिंगपेक्षा कितीतरी मोलाची.

यावर पहिला आक्षेप असा येतो की हे यंत्र परक्यांचे. इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्रीचा किंवा डॉनकास्टरचा ट्रॅक्टर हा आपला वारसा कसा? जन्मस्थानावरून वारसा ठरवला तर कांदिवलीचा बी-२७५ही हातचा जाईल, कारण त्याचा आराखडा इंग्लंडमधून आला होता. पण वर सांगितलेल्या दुरुस्त्या लक्षात घेतल्या तर तीस वर्षे राबलेल्या ट्रॅक्टरमध्ये सातारा, कोल्हापूर, पुणे इथल्या हातांचे लोखंड किती भिनलेले असते ते कळते. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ट्रॅक्टरने बैल घालवले, सालगड्यांचे काम नेले, लहान शेतकऱ्याला कर्जात लोटले. मग त्याचा उत्सव का करायचा? यातला इतिहास खरा आहे आणि तो लपवू नये. मात्र जपणे आणि गौरवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. दिनकर केळकरांनी पुण्यात दिवे, अडकित्ते, दौती, स्वयंपाकघरातली भांडी जमवली आणि तो संग्रह राज्याच्या स्वाधीन केला. त्या वस्तूंतून जुन्या घरातली श्रमाची आणि अधिकाराची वाटणीही वाचता येते, आणि ती वाचता यावी म्हणूनच त्या हव्यात. ट्रॅक्टरशेजारी लावलेल्या फलकावर त्याने किती बैलजोड्यांचे काम घेतले आणि ते काम करणारी माणसे पुढे कुठे गेली, हेही लिहिलेले असावे. गावकऱ्यांच्या आठवणीतून ही माहिती अजून मिळू शकते.

तिसरा आक्षेप पैशाचा. भंगाराला किलोवर भाव मिळत असताना शेतकऱ्याने टनभर लोखंड गोठ्यामागे का ठेवावे? त्याने ठेवावे असे मी म्हणत नाही. जपण्याचा खर्च ज्याला वारसा हवा आहे त्याने उचलावा: संग्रहालयाने, साखर कारखान्याने, ट्रॅक्टर कंपनीने, ऐपतदार छांदिष्टाने. शेतकऱ्याकडे मागायचे ते एवढेच, की भंगारवाल्याला हाक मारण्याआधी क्रमांकाच्या पट्टीचा आणि यंत्राचा चारही बाजूंनी फोटो काढू द्यावा. चौथा आक्षेप असा की सगळे फोटो आणि चित्रफितीत ठेवता येते, धूर सोडणारी इंजिने चालवायची कशाला. वर्षातून काही तास चाललेल्या यंत्राच्या धुराची काळजी मला फारशी वाटत नाही. पण ‘चालवायची कशाला’ या प्रश्नाला नीट उत्तर दिले पाहिजे, कारण प्रदर्शनाचा सगळा मुद्दा त्यावर उभा आहे.

फर्ग्युसनचेच घ्या. नांगर दोन खालच्या दांड्यांनी आणि एका वरच्या दांड्याने ट्रॅक्टरला जोडलेला असतो. फाळ कठीण मातीला अडला की वरचा दांडा पुढे रेटला जातो, त्याच्या मुळाशी असलेली स्प्रिंग दबते, झडप उघडते आणि हायड्रॉलिक उचल नांगराला किंचित वर घेते. त्याच क्षणी नांगराचा भार मागच्या चाकांवर येऊन चाके मातीत रुततात आणि ओढ वाढते. माती मऊ लागली की नांगर पुन्हा खाली. जुन्या ट्रॅक्टरला नुसता साखळीने ओढलेला नांगर अडला तर पुढची चाके उचलली जात आणि चालकावरच ट्रॅक्टर उलटत असे. आजही जवळजवळ प्रत्येक ट्रॅक्टरच्या पाठीवर दिसणारा तीन बिंदूंचा जोड त्या धोक्याचे उत्तर म्हणून आला. काचेआड उभ्या ठेवलेल्या ट्रॅक्टरमध्ये यातले काहीही दिसत नाही. ते पाहायला अर्धा एकर माती लागते. लान्झ बुलडॉगचेही तसेच. पुढचा लोखंडी गोळा ब्लोलॅम्पने लाल होईपर्यंत तापवायचा, स्टिअरिंग दांड्यासकट उपसून फ्लायव्हीलच्या मध्यात घालायचे, झोका देऊन एकच सिलिंडर पेटवायचे आणि मग स्टिअरिंग परत जागेवर बसवायचे. हे एकदा समोर पाहिलेल्या मुलाला इंजिन म्हणजे काय ते पुस्तकाशिवाय समजते.

मग असे प्रदर्शन भरवायचे कुठे? मोटारींच्या फेरीसारखे शहराच्या मध्यवस्तीतून ट्रॅक्टर मिरवणे मला पटत नाही. आपल्याकडे यंत्र दाखवायच्या स्वतःच्या जागा आणि तिथी आहेत. खंडेनवमीला अवजारांबरोबर ट्रॅक्टर धुऊन, झेंडूचे तोरण बांधून पुजला जातो. पश्चिम महाराष्ट्रातल्या यात्रांत ट्रॉलीसह ट्रॅक्टर उलटा नेण्याच्या स्पर्धा लागतात आणि त्यांना गर्दी होते. या गर्दीला यंत्र कळते. तिला समजावून सांगावे लागत नाही. कात्रजचा विचार मी यासाठीच करतो. शहरातला विद्यार्थी बसने येऊ शकतो आणि घाटापलीकडच्या भोर, वेल्हे, पुरंदरचा शेतकरीही सहज पोचतो. जिल्हा दूध संघाच्या कात्रज डेअरीमुळे या भागाशी जिल्ह्यातल्या गावांचा रोजचा संबंध आहे. आणि जपणुकीविषयीचा एक धडा कात्रजच्या जमिनीतच पुरलेला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात इथल्या तलावांतून शनिवारवाड्यापर्यंत नळ नेला गेला. वाटेतल्या उच्छ्वासांतून आत उतरून गाळ काढायची सोय त्यात होती. त्या नळाचे मोल दगडकामात आहे त्याहून अधिक उतार, गाळ आणि वाहते पाणी यांच्या हिशेबात आहे. प्रवाह खंडला की तो हिशेब जाणणारी माणसे राहत नाहीत आणि उरलेल्या बांधकामाचा अर्थ लावायला तज्ज्ञ बोलवावे लागतात. ट्रॅक्टरच्या बाबतीत अजून ती वेळ आलेली नाही.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत २०२१ साली ‘व्हिंटेज’ वाहनांची सोय झाली. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटलेल्या, मूळ रूपात राखलेल्या गाड्यांना वेगळी नोंदणी आणि वेगळी पाटी मिळते, प्रदर्शनासाठी रस्त्यावर आणायची मुभा मिळते. पण ही व्याख्या दुचाकी आणि प्रवासी मोटारींपुरती आहे. शेतीचा ट्रॅक्टर तिच्यात बसत नाही. दुसरीकडे १९७२चा पुरावस्तू कायदा वस्तूला शंभर वर्षे पुरी व्हावीत अशी अट घालतो. १९५० साली आलेला फर्ग्युसन किंवा १९६५चा बी-२७५ या दोहोंच्या मधे अडकतो. मोटार म्हणून तो व्हिंटेज नाही आणि पुरावस्तू होण्याइतका जुनाही नाही. नियमांत ट्रॅक्टरचा वर्ग घालणे ही एका ओळीची दुरुस्ती आहे आणि तिची मागणी महाराष्ट्रातून व्हायला हवी. ती करताना ‘मूळ रूप’ या अटीचाही पुन्हा विचार व्हावा. आपल्याकडच्या राबलेल्या ट्रॅक्टरला ती अट शब्दशः लावली, तर ज्यांच्यात सर्वांत जास्त इतिहास आहे नेमके तेच बाद ठरतील. बदल कोणी, केव्हा आणि का केला याची नोंद असेल तर बदललेले यंत्रही पात्र धरावे.

आणि ही नोंद कोणाकडून मिळणार? कारखान्यांची दप्तरे आपल्याकडे तुटपुंजी आहेत, जुन्या विक्रेत्यांची दुकाने उठली आहेत. उरतात ती माणसे: १९६० आणि ७०च्या दशकांत सातारा, बारामती, कोपरगाव, इस्लामपूरच्या गॅरेजांत ही यंत्रे खोललेले मिस्त्री, आणि कारखान्यांच्या व महामंडळाच्या मळ्यांवर ती चालवलेले चालक. बॅबिट वितळवून बेअरिंग ओतायचे, निळे रोगण लावून शाफ्टवर फिरवायचे, जिथे रंग लागेल तिथे पातीने खरवडायचे आणि सगळीकडे सारखा टेक येईपर्यंत हे करत राहायचे, हे ज्यांना हाताने येते ते आता ऐंशीच्या घरात आहेत. यंत्र आणखी दहा वर्षे पत्र्याखाली उभे राहिले तरी फारसे बिघडत नाही, पण या माणसांजवळ तेवढा वेळ नाही. म्हणून ज्याला या कामाला हात घालायचा आहे त्याने पाना उचलण्याआधी वही आणि ध्वनिमुद्रक घेऊन त्यांच्याकडे जावे, त्यांना त्यांच्याच दुरुस्त्या दाखवून कोणता सांधा का मारला ते विचारावे, आणि त्यांचे नाव त्या ट्रॅक्टरच्या नोंदीत मालकाच्या नावाशेजारी लिहावे.